औषधाने इजा झाली, तर दोष सिद्ध कुणी करायचा?

चोपडेकर_शेतकरी: ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 84. मालात दोष निघाला, तर 'आम्ही निष्काळजीपणा केला नाही' हे सिद्ध करूनही कंपनी सुटत नाही. औषधं, ग्लुकोमीटर, सांध्यात बसवलेले भाग, सगळं यात येतं. पण दोष होता हे दाखवायचं मात्र रुग्णाने. पोराने पिऊन संपवलेलं सिरप तपासायला आणायचं कुठून?

आपल्या खान्देशात बियाण्याचं दुखणं हेच. पेरलेलं बी मातीतून काढून प्रयोगशाळेत देता येत नाही. 2012 साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. शेतकऱ्याने तपासणीसाठी बी राखून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही. कंपनीला शंका असेल तर तिने नमुना तपासायची मागणी करावी. औषधालाही हाच न्याय हवा. दोष नव्हता हे कंपनीने दाखवावं.

अमळनेर_मेडिकलवाला: भाऊ, बियाणं आणि औषध एका मापाने मोजू नका. बी उगवलं नाही, तर बांधापलीकडे दुसऱ्या वाणाचं पीक उभं असतं. पंचनाम्यात फरक दिसतो. रुग्णाचं शरीर आधीच आजारी, त्यात चार डॉक्टरांच्या गोळ्या. कशाने काय झालं? पुरळ आली की कंपनीनेच निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं म्हटलं, तर स्वस्त जेनेरिक बनवणारे लहान कारखाने आधी बंद पडतील. महाग औषध आमच्या गिऱ्हाइकाला परवडतं का?

चोपडेकर_शेतकरी: नाना, पुरळ हा दुष्परिणाम आहे, मी त्याबद्दल बोलत नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या भेसळीच्या ग्लिसरॉलने 14 रुग्ण गेले. 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपने गेली. दोन्हीकडे विष एकच, डायएथिलीन ग्लायकॉल. मधे जवळजवळ 40 वर्षं गेली! जिथे मूत्रपिंडं अचानक निकामी होतात, मृत्यू होतो, तिथे तरी पुराव्याचा भार कंपनीवर टाका. प्रत्येक बॅचचे नमुने कंपनीला राखून ठेवावेच लागतात. ते ग्राहक आयोगापुढे आणायला अडचण कसली?

भुसावळची_ताई: कंपनीच्या कपाटातल्या नमुन्यावर विश्वास का ठेवायचा? औषध निरीक्षकाने दुकानातून त्याच बॅचची सीलबंद बाटली उचलावी, ती सरकारी प्रयोगशाळेत जावी. पण बॅच कळणार कशी? बाजाराच्या गावी स्ट्रिप कापून चार गोळ्या हातावर देतात, बिल नाही. बॅच नंबर दुसऱ्याच तुकड्यावर राहतो. मला कंपनीइतकाच राग याचा आहे. कलम 86 सांगतं की उत्पादक कोण हे कळत नसेल, तर विक्रेता जबाबदार. आयोगाने हे कलम कडक लावावं.

अमळनेर_मेडिकलवाला: बिलाचं खरं शे, ताई. बॅच नंबरासकट बिल न देणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण परवानाधारक स्टॉकिस्टकडून पक्क्या बिलावर घेतलेली, नीट साठवलेली सीलबंद बाटली आत विषारी आहे हे मला कसं कळणार? म्हणूनच 1940 च्या औषध कायद्यात कलम 19(3) चा बचाव आहे. तो काढू नका. भार उलटवण्यालाही माझा विरोध कायम. तपासणीचा खर्च तक्रारदाराकडून भरून घेतात, तो सरकारने उचलावा. त्याला माझा पाठिंबा.

चोपडेकर_शेतकरी: खर्चाचं मान्य. पण अहवाल यायच्या आधी त्या बॅचचा माल बाजारातून संपला असेल, तर? तेव्हाही रुग्णानेच सिद्ध करायचं का, याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.