केंटकीतील आरंभीच्या वसाहतकाराचे वडील कसे शोधावेत?

ओहायोवासी सून:
माझ्या सासरच्या घराण्यात अशी समजूत आहे की त्यांचे मूळपुरुष अमेरिकेतील प्रसिद्ध वाटाडे डॅनियल बून यांच्याबरोबर कंबरलँड खिंडीतून केंटकीत आले. खात्रीचा सर्वांत जुना कागद म्हणजे मिसुरीतील १८५० ची जनगणना. तीत एका गृहस्थांचे वय ६२ आणि जन्मस्थान केंटकी असे नोंदले आहे. इंटरनेटवरील अनेक वंशवृक्षांत ते पेनसिल्व्हेनियातील एका क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबाचे पुत्र दाखवले आहेत, परंतु आधार म्हणून केवळ दुसऱ्या वंशवृक्षाचाच हवाला आहे. त्यांच्या वडिलांचा शोध कोठून सुरू करावा?

दप्तरप्रेमी:
१७८८ च्या सुमारास, म्हणजे त्या गृहस्थांच्या जन्माच्या वेळी, केंटकी हे स्वतंत्र राज्य नव्हते; १ जून १७९२ पर्यंत तो व्हर्जिनियाचा भाग होता, त्यामुळे शोध दोन्हीकडच्या दप्तरांत घ्यावा लागेल. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या जनगणनांचे तक्ते उपलब्ध नाहीत, आणि १८४० पर्यंतच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. ही उणीव परगण्यांच्या करयाद्या पुष्कळ अंशी भरून काढतात. त्यांत एकवीस वर्षांवरील पुरुषांची नावे, सोळा ते एकवीस वयाच्या मुलांची संख्या आणि बहुधा जमीन ज्या ओढ्याकाठी होती त्याचेही नाव असते. आपले गृहस्थ १८०९ च्या सुमारास करयादीत प्रथम दिसायला हवेत. त्याच वर्षी ज्याच्या घरातील सोळा ते एकवीस वयाचा एक मुलगा कमी झाला, असा त्याच आडनावाचा आणि त्याच ओढ्याकाठचा मनुष्य सापडला, तर तो वडील असण्याचा संभव बराच आहे. अर्थात तो काकाही असू शकतो, म्हणून मृत्युपत्रे व वाटणीपत्रे तपासल्याशिवाय नाते पक्के मानू नये.

मोजणीदार:
बून यांच्या सोबतीची कथा पडताळायची असेल तर जमिनीचे दावे वाचावेत. १७७९ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने १ जानेवारी १७७८ पूर्वी वस्ती केलेल्यांना ४०० एकर जमिनीचा आणि लगतच्या १,००० एकरांवर अग्रहक्काचा (इतरांआधी विकत घेण्याच्या हक्काचा) दाखला मिळत असे. हद्दी मात्र झाडे, ओढे व खडक यांच्या खुणांनी सांगितल्या जात आणि मोजण्या एकमेकींवर चढत, त्यामुळे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालले; स्वतः मोजणीचे काम करणाऱ्या बून यांनाही आपल्या बहुतेक जमिनी गमवाव्या लागल्या. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांप्रमाणेच या दाव्यांतील जबान्यांत साक्षीदार आपले वय, कोणत्या वर्षी आलो, कोणाबरोबर आलो, हे सांगून जातो. कौटुंबिक आख्यायिकेला दुजोरा देणारे किंवा ती खोडून काढणारे याहून चांगले साधन मला माहीत नाही. वडील अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढले असतील, तर १८३२ च्या कायद्यानुसार केलेला निवृत्तिवेतनाचा अर्जही पाहावा. त्यात बहुधा जन्मस्थान व स्थलांतरे अर्जदाराच्याच तोंडून येतात.

जुनी पाने:
क्वेकर असल्याचा दावा तर तपासायला सोपा आहे. क्वेकर मंडळी जन्म, विवाह, बहिष्कार यांची नोंद मासिक सभेच्या वहीत ठेवत, आणि सदस्य दुसरीकडे गेला तर नव्या सभेसाठी दाखला देत. बून यांचे वडील स्क्वायर यांच्यावर मुलांनी पंथाबाहेर लग्ने केल्यामुळे ठपका आला, ही हकीकत पेनसिल्व्हेनियातील एक्झेटरच्या सभेच्या वहीतूनच कळते. आपल्या वंशवृक्षातील मुलगा १८०९ नंतरही पेनसिल्व्हेनियाच्या सभेत हजर असेल, तर तो आपला माणूस नव्हे. जुन्या तारखा वाचताना ध्यानात ठेवावे की १७५२ पूर्वी क्वेकरांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च.

ओहायोवासी सून:
मनःपूर्वक आभार. करयाद्यांत नावाने शोध घेणे पुरेसे आहे का?

दप्तरप्रेमी:
नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर या करयाद्यांची छायाचित्रे मोफत पाहता येतात. परगण्याची संपूर्ण यादी वर्षानुवर्षे वाचावी आणि त्या ओढ्याकाठचे सगळे शेजारी उतरवून घ्यावेत. कुटुंबे सहसा जथ्याने स्थलांतर करत, म्हणून पुढे मिसुरीत तीच आडनावे शेजारी दिसतात का, हेही पाहावे.