३५ हजारांत जुना गेमिंग पीसी : ओव्हरक्लॉक करावा की प्रोसेसर बदलावा?

कातळकडा

घरोघरी दिसणारा एक पीसी उदाहरणाला घेतो : रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची २४०० वेगाची एकच रॅम स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. हातात ३५ हजार. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'मोठा कूलर घे आणि ४.१ गिगाहर्ट्झला ओढ', म्हणजे ओव्हरक्लॉक कर, प्रोसेसर ठरलेल्या वेगापुढे पळव. माझं मत उलटं आहे. या बजेटात ओव्हरक्लॉकिंगसाठी एक रुपयाही वेगळा काढू नये.

हिशेब बघा. २६०० मुळातच एका कोअरवर ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. सगळे कोअर ४.१ ला नेले तरी गेममध्ये जेमतेम पाच-दहा टक्के पदरात पडतात. याच बोर्डावर नवा रायझन ५ ५६०० बसतो. उत्पादक एएमडीच्याच आकड्यांप्रमाणे तेवढ्याच क्लॉकवरचं काम झेन २ या पुढच्या पिढीत १५ टक्के आणि झेन ३ मध्ये (५६०० ची पिढी) आणखी १९ टक्के वाढलं. १.१५ गुणिले १.१९ म्हणजे १.३७, त्यात क्लॉक ३.९ ऐवजी ४.४. एका कोअरचा वेग कागदावर दीडपट होतो.

शिवाय २६०० ला १.३५ व्होल्ट दिले की पूर्ण लोडवर तो १०० वॅट सहज ओलांडतो, आणि स्वस्तातल्या कित्येक बी४५० बोर्डांच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) धड हीटसिंकही नसतो. ५६०० ची मर्यादा ७६ वॅट, सोबतचा कूलर त्याला पुरतो. जुन्या चिपवर महागडा कूलर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

माझी यादी : आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, रायझन ५ ५६००, ८-८ जीबीची ३२०० सीएल१६ रॅमची जोडी. पैसे कमी पडले तर कार्ड सेकंडहँड.

रात्रपाळी

कूलरबद्दल सहमत, बाकी नाही. १०५० टीआय बसलेलं असताना प्रोसेसरचा प्रश्न येतोच कुठे? आफ्टरबर्नर हे मोजणारं सॉफ्टवेअर लावा आणि नेहमीच्या गेममध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर बघा. तो ९७-९९ टक्के असेल तर प्रोसेसर मोकळाच बसलाय. नवं कार्ड घातल्यावर तोच आकडा ६०-७० वर आला, तर प्रोसेसर बदलायची वेळ झाली म्हणायचं. ते आधीच ठरवून पैसे कशाला वाटायचे?

२६०० ची खरी उपासमार रॅममुळे होते आहे. एकच स्टिक म्हणजे एकच चॅनल, आणि त्या पिढीत इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा) वेग रॅमला बांधलेला असतो. दोन स्टिक घालून ३२०० वर चालवल्या की फ्रेमरेटमधले अचानक पडणारे खड्डे बरेच भरतात. त्यावर सोबतच्या कूलरवरच सगळे कोअर ३.९ ला, व्होल्टेज १.२५ ते १.३ च्या दरम्यान. याला खर्च शून्य. वाचलेल्या पैशांत ६६०० ऐवजी १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घ्या. प्रोसेसर पुढच्या दिवाळीला.

उन्हाळी_लोड

या 'खर्च शून्य' मागची मेहनत कोणी सांगत नाही. जानेवारीत पास झालेलं ओव्हरक्लॉक नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात टिकेलच असं नाही. खोली १५ अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. चाचणी घ्यायची तर दुपारी, एसी बंद ठेवून घ्या.

आणि सिनेबेंचसारखं लोड देणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवणं म्हणजे चाचणी नव्हे. प्रोसेसरसाठी ओसीसीटी तासभर, रॅमसाठी टेस्टमेम५ किंवा मेमटेस्ट८६, मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या हार्डवेअर-चुकांच्या नोंदी शोधा. गेम सुरळीत चालतोय आणि इथे नोंदी साचत आहेत, तर क्लॉक स्थिर नाही. रॅममधली चूक सर्वांत वाईट, कारण ती मुकाट्याने फाइली खराब करते आणि विंडोज बिघडल्यावरच लक्षात येते.

दोघांनीही पॉवर सप्लायचं नाव काढलेलं नाही. १०५० टीआय ७५ वॅटवर स्लॉटमधूनच भागवतं, म्हणजे त्या सप्लायची आजवर परीक्षाच झालेली नाही. ६६०० ला १३२ वॅट लागतात, ३०६० ला १७०. डब्यावर '५००' छापलेलं असलं तरी बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर बघा. तिथे १८ असतील तर हातात फक्त २१६ वॅट आहेत. मोलेक्सचे (जुन्या चार पिनच्या कनेक्टरचे) दोन वायर जोडून ८ पिनचा कनेक्टर बनवणारा अडॅप्टर लावू नका, त्याची पिन वितळते. आधी ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा सप्लाय, मग कार्डाच्या गप्पा.

नवा_सॉकेट

मला हा सगळा खर्चच पटत नाही. एएम४ चा, म्हणजे या बोर्डावरच्या प्रोसेसर-सॉकेटचा रस्ता संपला. एएम५ या नव्या सॉकेटवर २०२७ पर्यंत प्रोसेसर येत राहतील असं एएमडीने जाहीर केलंय. आज बोर्ड, डीडीआर५ रॅम आणि रायझन ५ ७५००एफ प्रोसेसर घ्या, कार्ड पुढच्या वर्षी.

कातळकडा

@नवा_सॉकेट : म्हणजे वर्षभर नव्या प्रोसेसरवर १०५० टीआय. गेम आज खेळायचा आहे. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या आणि डीडीआर५ हाच तुमच्या यादीतला सर्वांत महाग तुकडा झाला. स्वस्त म्हणून ए६२० बोर्ड घेतलात तर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंगही बंद. इंटेलकडे वळलात तर ओव्हरक्लॉकसाठी नावात के असलेली चिप आणि झेड मालिकेचा बोर्ड दोन्ही लागतात.

@उन्हाळी_लोड : सप्लायचं पूर्ण मान्य. यादीत तो पहिला हवा, मी विसरलो.

@रात्रपाळी : मोजून ठरवा हे बरोबर. पण १४४ हर्ट्झवर ३०६० ला २६०० पुरत नाही. कार्डावरचा जास्तीचा पैसा तिथेच अडकतो.

रात्रपाळी

स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्यासाठी तुमचं खरं आहे. मोठ्या कथेचे गेम ६०-७० फ्रेमवर खेळणाऱ्याला १२ जीबी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) जास्त वर्षं साथ देईल. यावर मी ठाम आहे.

पण ५६०० लावणारच असाल तर क्रम चुकवू नका. बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा, फॅट३२ पेनड्राइव्हवरून. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, उत्पादकाच्या पानावर तसं लिहिलेलं असतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण प्रोसेसर बदलला की विंडोज ती मागतं.

कूलर काढण्याआधी पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम करा. मग मशीन बंद करून, वायर काढून, चारही स्क्रू थोडे थोडे सैल करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा. सरळ वर ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर लॉक असतानाच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. ६६०० साठी रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करायला बायॉसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करावं लागतं. विंडोज एमबीआर या जुन्या रचनेच्या डिस्कवर असेल तर ते सुरूच होणार नाही, आधी विंडोजच्याच एमबीआर२जीपीटी टूलने बदलून घ्या.

५६०० ला ओढायचंच असेल तर ठरावीक व्होल्टेज लावू नका. बायॉसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सोय) उणे १५ पासून सुरू करा आणि कोअरसायकलर ही एकेका कोअरची चाचणी रात्रभर चालवा. एखादा कोअर नापास झाला तर तेवढ्याचाच आकडा शून्याकडे आणा.

उन्हाळी_लोड

रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. जुनी २४०० ची स्टिक 'असू दे' म्हणून सोबत ठेवू नका, सगळ्या तिच्याच वेगाला उतरतील. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. ३२०० ऐवजी २१३३ किंवा २६६६ दिसलं तर बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग देणारी सेटिंग) चालू करायचं राहिलंय.