आइस हॉकीचा जन्म नेमका कुठला, आणि कॅनडात तिला एवढे महत्त्व का?

प्रश्न : अन्वय

आइस हॉकीच्या उगमाविषयी दोन परस्परविरोधी विधाने वाचनात येतात. हा खेळ ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलमध्ये जन्मला, असे काही जण ठामपणे लिहितात. तर त्याआधीच इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांवर तो खेळला जात होता, असे दाखले इतर अभ्यासक देतात. यांतील ग्राह्य कोणते? शिवाय कॅनडात या खेळाला राष्ट्रीय अस्मितेचे स्थान केवळ थंडीमुळे मिळाले, हे मला पटत नाही; थंडी नॉर्वेतही आहेच. जाणकारांनी खुलासा करावा.

प्रतिसाद : शिशिर

दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. बर्फावर काठीने चेंडू टोलवण्याचे खेळ ब्रिटनमध्ये निश्चितच जुने आहेत, आणि नोव्हा स्कोशियातील मिकमॅक या आदिवासी समाजाचे कारागीर घडवत असलेल्या काठ्या पुढे कॅनडाभर नावाजल्या गेल्या. १८७५ चे महत्त्व वेगळे आहे. हॅलिफॅक्सहून आलेल्या जेम्स क्रेटन यांनी त्या दिवशी व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, म्हणजे छताखाली आणि ठरावीक लांबीरुंदीच्या बर्फावर, प्रत्येकी नऊ खेळाडूंचा जाहीर सामना भरवला. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागू नये म्हणून लाकडाची चपटी चकती वापरली गेली. दोनच वर्षांनी मॉन्ट्रियलच्या एका दैनिकात नियम छापून आले, आणि गंमत म्हणजे ते बरेचसे इंग्लंडमधील मैदानी हॉकीच्या नियमांवरूनच घेतलेले होते. प्रथम कोण खेळले यापेक्षा, दुसऱ्या गावातील संघालाही पाळता येतील असे नियम कोणी रुळवले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर मॉन्ट्रियल हेच आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाची एक किल्लीही इथेच सापडते. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी १८९२ मध्ये देऊ केलेला चषक आरंभी आव्हानाचा चषक होता. दूरच्या प्रांतातील संघही विश्वस्तांच्या संमतीने विजेत्यांना आव्हान देऊ शकत असे. युकॉनमधील डॉसन सिटीच्या संघाने १९०५ मध्ये असे आव्हान देऊन सुमारे ६,४०० किलोमीटरचा प्रवास काही पायी, काही जहाजाने आणि काही रेल्वेने केला. ओटावात ते पहिला सामना २-९ आणि दुसरा २-२३ असा हरले. दुसऱ्या सामन्यात फ्रँक मगी यांनी एकट्याने १४ गोल केले. निकाल दारुण असला, तरी सोन्याच्या खाणींवरचे एक दूरचे गाव राजधानीशी त्या चषकासाठी झुंजायला निघते, यात विखुरलेल्या प्रांतांना जोडणारे काहीतरी नक्कीच होते.

प्रतिसाद : मेधाविनी

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु 'जोडणारे' या शब्दाला माझी हरकत आहे, कारण हॉकीने कॅनडातील भेगाही उघड्या केल्या. मॉन्ट्रियल कॅनडियन्स या संघाचे मोरिस रिशार हे, मॉन्ट्रियल ज्यात येते त्या फ्रेंच भाषिक क्युबेक प्रांताचे दैवत होते; १९४४-४५ च्या मोसमात त्यांनी ५० सामन्यांत ५० गोल केले होते. मार्च १९५५ मध्ये बॉस्टन येथील सामन्यात त्यांनी पंचाला मारल्यावर एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगचे इंग्रजी भाषिक अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्यांना उर्वरित मोसम आणि बाद फेरीतून निलंबित केले. १७ मार्चला कॅम्पबेल स्वतः मॉन्ट्रियलच्या सामन्याला हजर राहिले, तेव्हा सभागृहात अश्रुधुराचे नळकांडे फुटले, सामना डेट्रॉइटला बहाल करण्यात आला आणि रस्त्यांवर दंगल उसळली. पुढच्या दशकातील क्युबेकच्या सामाजिक स्थित्यंतराची नांदी म्हणून या रात्रीकडे पाहिले जाते. मला तो दावा थोडा ताणलेला वाटतो. तथापि कारखान्यांत आणि कचेऱ्यांत इंग्रजी भाषिक वरिष्ठांच्या हाताखाली राबणाऱ्या समाजाला त्या शिक्षेत आपला अपमान दिसला, हे नाकारता येणार नाही.

अन्वय

दोघांचेही आभार. असे राजकीय अर्थ या खेळाला कॅनडाबाहेरही चिकटले का?

प्रतिसाद : शिशिर

मेधाविनी यांची हरकत मान्य. आपल्या नव्या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण चेकोस्लोव्हाकियाचे आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसल्यामुळे, तिथे व्हायची असलेली १९६९ ची जागतिक स्पर्धा स्टॉकहोमला हलवावी लागली. त्या स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला आधी २-०, मग २८ मार्चला ४-३ असे हरवले. त्या रात्री देशभर लोक रस्त्यांवर उतरले आणि प्रागमधील एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीच्या कार्यालयाची मोडतोड झाली, जी गुप्त पोलिसांनीच घडवून आणल्याचा संशय आजही व्यक्त होतो. मॉस्कोला दडपण आणायला हे निमित्त पुरले: १७ एप्रिलला सुधारणावादी दुब्चेक यांना सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखपदावरून जावे लागले आणि त्यांच्या जागी हुसाक आले. स्पर्धेचे विजेतेपद मात्र सोव्हिएत संघालाच मिळाले. त्याला दोनदा हरवणारा चेकोस्लोव्हाकिया तिसरा आला.