सी २२० डी, आठ महिने, १४,००० किमी: एवढ्या पैशांत अजून डिझेल घ्यावी का?

घाटवाट

मर्सिडीजची सध्याची सी-क्लास (डब्ल्यू २०६) मे २०२२ मध्ये आपल्याकडे आली, जुळणी चाकणला होते. त्यातल्या सी २२० डीचं आठ महिने आणि १४,००० किमी वापरानंतरचं मत मांडतो. निम्म्याहून जास्त रनिंग पुणे-मुंबई आणि समृद्धीवर, बाकी पुण्यात. म्हणणं सरळ आहे: ज्याचं हायवेचं रनिंग आहे त्याने या वर्गात आजही डिझेलच घ्यावी. "डिझेलचे दिवस संपले" एवढं ऐकून पेट्रोल बुक करू नये.

इंजिन १९९३ सीसीचं, २०० अश्वशक्ती आणि ४४० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर). पेट्रोलची सी २०० कागदावर २०४ अश्वशक्तीची, म्हणजे बरोबरीची. पण तिचा टॉर्क ३०० आहे. हा फरक बोरघाटात कळतो. पुढे भरलेला ट्रक आला, वेग चाळीसवर उतरला, लेन मोकळी झाली. तिथे डिझेल एखादा गिअर खाली येते आणि मिनिटाला १८०० फेऱ्यांवरच इंजिन ओढ धरतं. पेट्रोलला त्याच जागी तीन-चार गिअर उतरून इंजिन चढवावं लागतं. गाडी भरलेली असली की हे फार जाणवतं.

ऍव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं: शहरात १२ ते १३, एक्स्प्रेसवेवर ८०-१०० च्या वेगात १९ ते २०, समृद्धीवर १२० ला लावून ठेवली तर १६-१७. कंपनीचा दावा २३ चा आहे, तो रोजच्या वापरात विसरा. ४८ व्होल्टच्या स्टार्टर-जनरेटरमुळे (इंजिन सुरू करणारी आणि वीज बनवणारी एकच मोटर) सिग्नलला बंद झालेलं इंजिन परत सुरू होतं ते कळतही नाही. या बाबतीत जुन्या डिझेल गाड्यांशी तुलनाच नको.

खटकतं ते हे. सकाळी थंड इंजिनाचा पहिली दोन-तीन मिनिटं बाहेर खडखडाट ऐकू येतो (काचा वर असतील तर आत नाही). एसीला वेगळी बटणं नाहीत, सगळं ११.९ इंची स्क्रीनवर. स्टिअरिंगवरची बटणं दाबायची नसून स्पर्शाची आहेत आणि बोटांना घाम असला की आवाज वाढवायला गेल्यावर तिसरंच काही होतं.

शहरी_चाक

ठाम असहमत. आठ महिन्यांत डिझेल गाडीबद्दल फक्त चांगलंच दिसतं. बीएस ६ (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांतल्या) डिझेलचा खरा प्रश्न डीपीएफचा, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा आहे, आणि तो वापर कसा आहे त्यावर दोन-तीन वर्षांनी उघडा पडतो.

या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचं आयुष्य काय असतं? बाणेर ते हिंजवडी, अंधेरी ते बीकेसी. आठ-दहा किमी, तेही तासभर रांगेत. धुराचं तापमान वर जात नाही, काजळी जळत नाही, साठत राहते. मग गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल मारून फिल्टर तापवायला घेते आणि तेवढ्यात ऑफिस येतं, चावी बंद. असं पाच-सात वेळा झालं की पिवळा दिवा, त्यानंतर गाडी ताकद कमी करते, मग वर्कशॉप. साठ लाखांच्या गाडीने मालकाला रस्त्याचं वेळापत्रक का लावून द्यावं? मारुतीने एप्रिल २०२० ला डिझेल सोडलं. ऑडी भारतात बीएस ६ पासून डिझेल विकत नाही. ही माणसं वेडी नाहीत.

घाटवाट

मारुतीने सोडलं कारण छोट्या गाडीत हा सगळा फिल्टर आणि ऍडब्लूचा (धूर साफ करायला लागणाऱ्या द्रवाचा) खर्च बसत नाही. सहा-सात लाखांच्या गाडीवर लाख-दीड लाख चढले तर कोण घेईल? या वर्गात तो खर्च पोटात मावतो. शिवाय या इंजिनात फिल्टर खाली फरशीजवळ नसून इंजिनालाच चिकटून आहे, त्यामुळे तो लवकर तापतो. दहा वर्षांपूर्वीच्या डिझेलचे अनुभव याला लावू नका.

गॅरेजवाला

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, पण फिल्टरबद्दल बोलताना काजळी आणि राख या दोन गोष्टी एक समजल्या जातायत. त्या वेगळ्या आहेत.

काजळी जळते. हायवेवर सलग चालताना धूर साडेतीनशे अंशांच्या वर गेला की ती आपोआप थोडी थोडी जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर गाडी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास नेऊन एकदम जाळते. यालाच रिजनरेशन म्हणतात आणि त्याला दहा ते वीस मिनिटं लागतात. राख मात्र जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते आणि फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, कंपनीच्या मंजुरीचंच ऑइल घालायचं. बाहेर कुणी "हेही सिंथेटिकच आहे, निम्म्या दरात" म्हणून दुसरं ऑइल घातलं तर चारच महिन्यांत काही दिसणार नाही, पण फिल्टरचं आयुष्य घटलेलं असतं.

रिजनरेशन चालू आहे हे ओळखायला शिका, दिव्याची वाट बघू नका. गाडी उभी असताना फेऱ्या नेहमीपेक्षा शंभर-दोनशे वर असतात. सिग्नलला इंजिन बंद होत नाही. क्षणाक्षणाचा ऍव्हरेज दाखवणारा आकडा अचानक पडतो. बोनेटजवळ तापलेल्या लोखंडासारखा वास येतो आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो. यातलं काही दिसलं तर शक्य असेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं गाडी चालती ठेवा आणि मगच पार्क करा. एखाद्या वेळी तुटलं तर बिघडत नाही, गाडी पुढच्या फेरीत परत प्रयत्न करते. सलग तुटत राहिलं तर बिघडतं.

आणि नुसतं फिल्टरचंच नाही. तापवण्यासाठी मारलेलं डिझेल पिस्टन खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि रिंगांवाटे खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी वाढते. ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात; या गाडीत ते वाढलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात बदलून घ्या, १५,००० किमी व्हायची वाट पाहू नका. शहरात निम्म्याहून जास्त चालणाऱ्या गाडीचं ऑइल तसंही ८-१० हजारांवर बदलावं, असं माझं मत आहे.

शहरी_चाक

म्हणजे मुद्दा माझाच झाला. पंखा, वास, फेऱ्या यांच्याकडे लक्ष ठेवून घराभोवती चकरा मारायच्या. ड्रायव्हर असलेल्या गाडीत हे कोण करणार? मालक उतरला की ड्रायव्हर चावी काढतो.

गॅरेजवाला

ड्रायव्हरला दोन ओळींत सांगता येतं: पंखा जोरात चालू असेल तर दहा मिनिटं फिरवून आण, आणि पिवळा दिवा लागला तर त्याच दिवशी फोन कर. हे न सांगणं ही मालकाची चूक.

घाटवाट

एक शंका. हायवेवर नवव्या गिअरमध्ये १०० ला इंजिन जेमतेम दीड हजार फेऱ्यांच्या आसपास असतं. फिल्टर साफ व्हायला स्टिअरिंगमागच्या पॅडलने सहावा-सातवा गिअर धरून दोन हजारांच्या वर ठेवा, असं काहीजण सांगतात. खरंच गरज आहे का?

गॅरेजवाला

सलग अर्धा तास चालणार असाल तर नाही. तापमान किती हवं आणि डिझेल किती मारायचं ते गाडीचं कंट्रोल युनिट बघतं. पण वीस मिनिटांचाच रस्ता मिळत असेल, उदाहरणार्थ कात्रज ते खेड शिवापूर, तर एक गिअर खाली ठेवल्याने धूर लवकर तापतो. तेवढ्यापुरता फायदा आहे. चार हजार फेऱ्यांवर पळवून "साफ" करायचा प्रयत्न मात्र करू नका.

हिशेबी

गप्पा पुरे, आकडे मांडतो. लॉन्चची एक्स-शोरूम किंमत धरली: सी २०० ५५ लाख, सी २२० डी ५६ लाख. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १३ टक्के, डिझेलला १५. म्हणजे ७.१५ लाख आणि ८.४० लाख. डिझेलसाठी सुरुवातीलाच सव्वादोन लाख जास्त.

२०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला एकशे साडेतीन, डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास राहिलं. मिश्र वापरात पेट्रोल १२ आणि डिझेल १६ देईल असं धरलं तर १५,००० किमीला वर्षाला पेट्रोल सुमारे १,२९,००० आणि डिझेल ८४,०००. ऍडब्लूचे दीड-दोन हजार वजा केले तर ४३,००० वाचतात. फरक वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर. २५,००० किमी रनिंग असेल तर तीन वर्षांत. ८,००० असेल तर जवळजवळ दहा वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं ही गाडी एका हातात राहत नाही.

पण गाडी कंपनीच्या नावावर असेल तर कर दोन्हींना २० टक्केच. मग सुरुवातीचा फरक सव्वा लाखांच्या आत येतो आणि १५,००० किमीवरही तीन वर्षांत डिझेल पुढे जाते. व्यावसायिकांनी हा हिशेब वेगळा करायला हवा, कुणीच करत नाही.

आणखी एक गोष्ट. सी २०० चं इंजिन १४९६ सीसी, म्हणजे दीड हजारांच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ आधी तिला जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के लागत, डिझेलला ४८. आता दोन्ही ४० वर आहेत. डिझेलचा तो तोटा गेला.

विजेरी

या पैशांत इलेक्ट्रिक घ्या, प्रश्नच मिटतो. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. धागाकर्त्यांचे रस्ते नेमके तेच.

घाटवाट

टोलचा मुद्दा मान्य, तो मोठा आहे. पण समृद्धी ७०१ किमीची आहे. पुण्याहून संभाजीनगरमार्गे नागपूरला जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघायचं असेल तर डिझेल पाच मिनिटांत भरतं. ज्यांचा रोजचा रस्ता दीडशे किमीच्या आत आहे त्यांनी इलेक्ट्रिकच घ्यावी, त्यांच्यासाठी मी डिझेलची बाजू घेणार नाही.

मागची_सीट

इंजिनावर एवढी चर्चा आणि मालक बसतो मागे! सी-क्लासचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८६५ मिमी आहे, बीएमडब्ल्यूच्या लांब ३ सिरीज ग्रॅन लिमोझिनचा २९६१. दहा सेंटिमीटर कमी म्हणजे गुडघ्यांना थेट फरक. सी-क्लासची मागची सीट खाली आहे, मांड्यांना आधार कमी पडतो, आणि मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी असल्याने मधला बोगदा उंच. तिसऱ्या माणसाने पाय ठेवायचे कुठे? ज्याच्याकडे ड्रायव्हर आहे त्याने टेस्ट ड्राइव्हला अर्धा तास मागेच बसावं. लांब ३ सिरीजमध्येही डिझेल मिळतं: १९० अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर.

घाटवाट

सहमत. स्वतः चालवणाऱ्यासाठी सी, मागे बसणाऱ्यासाठी लांब ३ सिरीज. हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

ऍडब्लूबद्दल कुणी विस्ताराने सांगेल का? बऱ्याच नव्या मालकांना ती टाकी असते हेच माहीत नसतं.

गॅरेजवाला

ऍडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा नायट्रोजन आणि पाणी करायला लागतं. डिझेलच्या झाकणाशेजारीच निळं झाकण असतं. हजार किमीला साधारण एक-दीड लिटर. संपत आल्याची सूचना शेकडो किमी आधी येते. टाकी पूर्ण रिकामी झाली तर चालती गाडी थांबत नाही, पण बंद केलेली परत सुरू होत नाही. म्हणून पहिल्या सूचनेलाच भरा.

कॅनवर आयएसओ २२२४१ लिहिलेलं बघा आणि तारीख बघा. उन्हात महिनोन्‌महिने पडलेला कॅन घेऊ नका, उष्णतेने युरिया बिघडतो. नळीचा कॅन घ्या, नरसाळं वापरू नका. नरसाळ्यातला डिझेलचा थेंबही या टाकीला चालत नाही. बाहेर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. वाळलं की मिठासारखा पांढरा थर धरतो, आणि तोच थर धुरात ऍडब्लू मारणाऱ्या नोझलच्या तोंडाशी बसला की सेन्सर चुकीचं वाचतो. ऍडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर स्टार्टचं बटणसुद्धा दाबू नका, गाडी तशीच उचलून न्या. या इंजिनात डिझेल २७०० बारपर्यंतच्या दाबाने मारलं जातं. त्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये युरियाचं पाणी गेलं तर सगळी इंधनव्यवस्था बदलावी लागते.

शहरी_चाक

विकताना काय, यावर कुणी बोलत नाही. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वयावरून कारवाई करू नका असा अंतरिम आदेश आला खरा, पण घेणाऱ्याच्या मनातली भीती तशीच आहे. तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात आणि आपल्या डिझेलचा भाव पाडतात.

हिशेबी

महाराष्ट्रात नोंदणी १५ वर्षांची आहे, दहाची अट इथे नाही. पण भावावर परिणाम होतो, हे खरं. म्हणूनच ८,००० किमीवाल्याने डिझेल घेऊ नये असं वर लिहिलंय.

शहरी_चाक

मग एवढं सांगा: कुणी तीन-चार वर्षं जुनी अशी डिझेल घेत असेल तर फिल्टरची अवस्था कशी कळणार? विकणारा "हायवेचीच गाडी आहे" म्हणणार.

गॅरेजवाला

स्कॅनर लावला की तीन आकडे मिळतात: काजळी किती, राख किती, आणि शेवटच्या पूर्ण रिजनरेशननंतर किती किमी झाले. काजळीचा आकडा विक्रीच्या आदल्या दिवशी हायवेवर नेऊन खाली आणता येतो, त्यामुळे त्यावर जाऊ नका. राखेचा आकडा बघा, तो गाडी पळवून कमी होत नाही. ४०,००० किमीच्या गाडीत राख ९०,००० वाल्यासारखी असेल तर एकतर ऑइल चुकीचं घातलंय किंवा किलोमीटर मागे केलेत. आकडा शून्याजवळ असेल तर फिल्टर बदललाय की नुसता स्कॅनरने आकडा पुसलाय, ते बिलावरून तपासा. मग गाडी उचलून सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. फिल्टर धड असलेल्या बीएस ६ डिझेलमध्ये बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळं निघालं तर फिल्टर आतून फुटलाय किंवा कुणीतरी कापून काढलाय.