मदत हवी आहे: हिराकशीने शेवाळ गेलं, पण शहाबादीवर तांबडे डाग बसले

सातारा, जुन्या वाड्याचं अंगण. पायऱ्या काळ्या दगडाच्या, बाकी शहाबादी. पावसाळ्यानंतर शेवाळ इतकं की पाय सरकतो. खताची हिराकस (फेरस सल्फेट, 19 टक्के लोह) लिटरमागे 20 ग्रॅम घालून झारीने शिंपडली. शेवाळ दोन दिवसांत काळं पडलं, खराट्याने निघालं. पायऱ्या ठीक आहेत. शहाबादीवर मात्र झारीच्या थेंबांचे गोल गोल डाग आहेत, कडेला गडद, मधे पिवळट.

कारण कळतंय: शहाबादी चुनखडीचा दगड, सांध्यात सिमेंट. अशा अल्कलीत लोह लगेच साका होऊन बसतं, हवेने गंजतं. धुवायला उशीर झाला, हीच चूक.

ऑक्झॅलिक आम्ल वापरायचं नाही. गंज जाईल, पण चुनखडी खाऊन पांढरा थर सोडेल. हार्पिक, म्युरिअ‍ॅटिक आम्ल (हायड्रोक्लोरिक) तर नकोच. ब्लीचने डाग जात नाही, उलट पक्का होतो.

1 भाग सोडियम सायट्रेट, 6 भाग कोमट पाणी, 7 भाग ग्लिसरीन, त्यात खडूची पूड कालवून लेप द्यायचा विचार आहे. आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर.

विचारायचं हे: शहाबादीवर लेप किती वेळ ठेवलात? वरून प्लास्टिक लावून की उघडा वाळू देऊन? साताऱ्यात किंवा सांगलीत सुटं सोडियम सायट्रेट कुठल्या प्रकारच्या दुकानात मिळतं? आणि पुढच्या पावसाळ्यात शहाबादीसाठी हिराकशीऐवजी काय वापरता?