उत्तर: ४ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर कोणतं लिनक्स?

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून ४ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर थेट उबुंटू (विंडोजऐवजी वापरायच्या मोफत लिनक्स सिस्टिमचा एक प्रकार) टाकायचं असं तुम्ही म्हणताय. चालेल, पण त्यातला ग्नोम (पडद्यावरच्या खिडक्या-मेनू दाखवणारा भाग) एवढ्या रॅमवर रडत-रखडत चालतो. ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की कळतंच.

माझं मत लिनक्स मिंट २२, तेही एक्सएफसीई (ग्नोमपेक्षा हलका पर्याय) आवृत्ती. आतून ते उबुंटू २४.०४ च आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, आणि खालची पट्टी नि मेनू विंडोजसारखेच असल्यामुळे घरच्यांना शिकवत बसावं लागत नाही. (आमच्या बाबांना महिनाभर पत्ताच नव्हता!) मराठी टायपिंगची इनस्क्रिप्ट मांडणी कीबोर्डच्या सेटिंगमध्येच आहे, वेगळं काही उतरवायला नको.

मात्र आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. माझ्या जुन्या प्रिंटरने दोन संध्याकाळी खाल्ल्या होत्या. टॅली किंवा डिजिटल सहीची कामं असतील तर विंडोज लगेच पुसू नका. आणि हार्ड डिस्क जुनी फिरती असेल तर तिच्याजागी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. त्याने पडणारा फरक लिनक्सचा कुठलाही प्रकार निवडण्यापेक्षा मोठा असतो.