माठ पावसाळ्यात कोपऱ्यात, गाडगे मात्र बारमाही

घरातल्या आवडत्या वस्तूंमध्ये माठ घालू नये, कारण तो वर्षातले चारच महिने उपयोगी पडतो, हे काही जणांचे मत मला अर्धेच पटते. माठाच्या अंगातून झिरपणारे पाणी वाळते तेव्हाच आतले पाणी गार होते. त्यामुळे आमच्या बेळगाव-खानापूर भागात जूनचा पाऊस लागून हवा दमट झाली की तो थंड होणे जवळपास थांबते, हे खरेच आहे. परंतु त्याच मातीचे दह्याचे गाडगे मी बाराही महिने वापरते आणि आज स्वयंपाकघरातील कोणत्याही वस्तूपेक्षा मला ते अधिक प्रिय आहे. खानापूरच्या लाल मातीचे हे गाडगे दह्यातले जादा पाणी शोषून घेते, म्हणून दही घट्ट लागते. माझी धाकटी, जी स्टीलच्या भांड्यातले दही ताटात बाजूला सारत असे, ती आता भाकरीच्या तुकड्याने गाडग्याच्या काठाची साय पुसून खाते.

नवे गाडगे आणल्यावर एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून ठेवावे. साबण मात्र कधीही लावू नये, कारण तो छिद्रांत मुरतो आणि पुढचे दही त्याच्या वासाचे होते. गरम पाणी आणि नारळाचा काथ्या पुरतो. डिसेंबरच्या थंडीत विरजण लावल्यावर मी ते जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळते. पावसाळ्यात ऊन मिळत नसल्याने दोन गाडगी आलटूनपालटून वापरावीत, एक चुलीशेजारी पूर्ण वाळेपर्यंत दुसरे.